डिप्रेशनची गोळी: सगळ्यात भारी कोणती, आणि कुणासाठी कोणती

बहिणीला एस्सिटालोप्राम दिलंय, ऑफिसातल्या मित्राला मर्टाझापिन, शेजारच्या काकूंना अमिट्रिप्टिलिन, आणि तिघांच्याही केसपेपरवर आजार एकच लिहिलाय: डिप्रेशन. मग यातली चांगली गोळी कोणती, आणि ती आपल्याला का दिली नाही? ओपीडीत हा प्रश्न रोज विचारला जातो. उत्तर ऐकून अनेकांचा हिरमोड होतो, कारण आजार कमी करण्याच्या ताकदीत या गोळ्यांमध्ये फारसा फरक नाही. खरा फरक आहे त्रासात. कुणी झोप आणते, कुणी उडवते. कुणी वजन वाढवते, कुणी बीपी. कुणाचं दुसऱ्या औषधाशी पटत नाही, कुणी सोडताना छळते. त्यामुळे डॉक्टर गोळी ठरवतात ती बरीचशी समोरच्या माणसाचं वय, शरीर आणि त्याच्या बाकीच्या गोळ्या बघून.

हे सगळं घरी राहून, ओपीडीत येऊन उपचार घेणाऱ्यांबद्दल आहे. ज्यानं खाणंपिणं सोडलंय, ज्याला भास होतायत किंवा जो जीव द्यायच्या बेतात आहे, त्याला आधी भरती करावं लागतं. तिथला हिशोब वेगळा.

आकडे काय म्हणतात

२०१८ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात ऑक्सफर्डच्या आंद्रेआ चिप्रियानी आणि सहकाऱ्यांनी २१ औषधांची एकत्र तुलना छापली. ५२२ चाचण्या, १,१६,४७७ रुग्ण. सगळीच्या सगळी औषधं प्लासिबोपेक्षा, म्हणजे आत औषध नसलेल्या हुबेहूब गोळीपेक्षा सरस निघाली. वरच्या टोकाला जुनंपुराणं अमिट्रिप्टिलिन, तळाला रेबॉक्सेटिन. एकमेकांशी लावून बघितल्यावर एस्सिटालोप्राम, मर्टाझापिन, व्हेनलाफॅक्सिन, पॅरॉक्सेटिन, व्हॉर्टिऑक्सेटिन, अ‍ॅगोमेलाटिन आणि अमिट्रिप्टिलिन जराशी पुढे होती. सोसायला सोप्या औषधांत एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुऑक्सेटिन, सिटालोप्राम, व्हॉर्टिऑक्सेटिन आणि अ‍ॅगोमेलाटिन आली. दोन्हीकडे नाव असलेली तीनच. त्यातलं स्वस्त आणि सगळीकडे मिळणारं म्हणजे एस्सिटालोप्राम. तुमच्या चिठ्ठीवर बहुतेक वेळा तेच पहिलं का असतं, याचं निम्मं उत्तर इथे आहे.

पण ‘सरस’ म्हणजे किती सरस? साधारण असं धरा: १०० रुग्णांना प्लासिबो दिला तर दोन महिन्यांत ३५ जणांचा त्रास निम्म्यावर येतो, औषध दिलं तर ५० जणांचा. ते ३५ जण कसे सुधारले? काहींचा आजार आपोआप ओसरला, काहींना कुणीतरी नीट ऐकून घेतलं याचाच आधार मिळाला. म्हणजे निव्वळ गोळीची कमाई १०० मागे १५. हा आकडा कमी वाटतो, पण वैद्यकात रोज वापरली जाणारी कितीतरी औषधं याच तोलामोलाची आहेत. शिवाय या चाचण्यांची मर्यादा लक्षात ठेवायला हवी. बहुतेकींचा निकाल आठ आठवड्यांवर मोजलेला, आणि बहुसंख्य चाचण्या औषध कंपन्यांच्या पैशांवर झालेल्या. आत्महत्येचा धोका असलेले किंवा चार आजार एकत्र असलेले रुग्ण अशा चाचण्यांत सहसा घेतच नाहीत. आपल्या ओपीडीतली रांग त्यांच्यासारखी दिसत नाही.

खऱ्या ओपीडीच्या जवळ जाणारा प्रयोग अमेरिकेत झाला. सरकारी पैशांवर झालेल्या या प्रयोगाचं नाव स्टार-डी, आणि त्याचे मुख्य निकाल २००६ मध्ये आले. चार हजारांवर रुग्ण, तेही ओपीडीतलेच. सगळ्यांना आधी सिटालोप्राम. त्यावर साधारण तिघांतला एक पूर्ण बरा झाला. ज्यांना गुण आला नाही, त्यांतल्या एका गटाला तीन वेगवेगळ्या औषधांवर वाटून टाकलं: कुणाला त्याच घराण्यातलं सर्ट्रालिन, कुणाला दोन रसायनांवर काम करणारं व्हेनलाफॅक्सिन, कुणाला अगदीच वेगळ्या वाटेनं जाणारं ब्युप्रोपिऑन. तिन्हींवर साधारण चारांतला एक बरा झाला. तिघांत नाव घेण्यासारखा फरक नव्हता. ‘पहिल्या गोळीनं गुण नाही म्हणजे तिच्या पूर्ण उलट जातीची गोळी हवी’ हा तर्क ऐकायला पटतो, पण आकड्यांत दिसला नाही. तिसऱ्या आणि चौथ्या पायरीवर मात्र बरं होण्याचं प्रमाण १३ टक्क्यांच्या आसपास उतरलं. चारही पायऱ्या मिळून ६७ टक्के बरे होतात असं तेव्हा सांगितलं गेलं; २०२३ मध्ये तीच माहिती मूळ ठरलेल्या नियमांनी पुन्हा तपासली, तेव्हा आकडा ३५ टक्के आला. दोन्हीतून कामाची गोष्ट एकच निघते: पहिल्या दोन औषधांत जोर लावा, ती अर्धवट डोसवर वाया घालवू नका.

आपल्या जवळचा दाखला गोव्याचा आहे. तिथल्या दोन जिल्हा रुग्णालयांच्या सर्वसाधारण ओपीडीत ४५० प्रौढांवर झालेला अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. साधं जेनेरिक फ्लुऑक्सेटिन, प्लासिबो आणि समुपदेशन अशी तुलना होती. दोन महिन्यांवर फ्लुऑक्सेटिनवाले प्लासिबोवाल्यांपेक्षा पुढे होते, वर्षाच्या शेवटी फरक उरला नव्हता. समुपदेशन तेव्हा प्लासिबोपेक्षा वरचढ ठरलं नाही. पण पुढे गोव्यातच, प्राथमिक आरोग्य केंद्रांत, स्थानिक प्रशिक्षित समुपदेशकांकडून सहा ते आठ बैठकांचा ‘रोजच्या कामांत पुन्हा गुंतवणारा’ कार्यक्रम करून पाहिला. २०१७ च्या निकालात त्या गटातले ६४ टक्के बरे झाले, नेहमीच्या उपचारांवरच्या गटातले ३९ टक्के. हे रुग्ण तर बऱ्याच तीव्र डिप्रेशनचे होते; सौम्य डिप्रेशनमध्येही गोळीची घाई न करता आधी असं काही करून बघतात. मध्यम ते तीव्र आजारात बहुतेकदा गोळी आणि बोलणं दोन्ही देतात.

सेरोटोनिनची गोष्ट अर्धीच खरी

सेरोटोनिन म्हणजे पेशींमध्ये निरोप पोचवणारं एक रसायन. ‘मेंदूत सेरोटोनिन कमी झालं, गोळी ते भरून काढते’ असं सगळीकडे सांगितलं जातं. समजायला सोपं, म्हणून टिकलंय. पण गोळी घेतल्यावर सेरोटोनिनवरचा परिणाम काही तासांत सुरू होतो आणि मन सुधारायला मात्र आठवडे लागतात. नुसती कमतरता भरायची असती तर दुसऱ्या दिवशीच बरं वाटलं असतं. मधल्या काळात मेंदूच्या पेशी हळूहळू जुळवून घेतात, एवढं म्हणणं पुरे. शरीरातलं ९० टक्क्यांवर सेरोटोनिन आतड्यात असतं हे मात्र लक्षात ठेवा. पहिल्या आठवड्यात मळमळ, पोट ढवळणं, पातळ शौचाला होणं हे का, ते त्यातून कळतं. जेवणानंतर गोळी घेतली की यातलं बरंच कमी होतं, आणि आठ-दहा दिवसांत बहुतेकांचं थांबतं.

कोणती कुणाला

सेरोटोनिनवर काम करणाऱ्या घराण्यात एस्सिटालोप्राम ५ किंवा १० मिलिग्रॅमवर सुरू होतं. बहुतेकांना १० पुरतं, कमाल २०. वयस्कर माणसाला १० वरच थांबतात, कारण डोस वाढला की ईसीजीत हृदयाच्या ठोक्यामधला एक टप्पा लांबू शकतो. सर्ट्रालिन २५ किंवा ५० वरून २०० पर्यंत जातं. हृदयरोग्याला आधी याचाच विचार होतो, कारण हार्ट अटॅक येऊन गेलेल्यांवर ते तपासलेलं आहे. पोट बिघडवण्यात मात्र ते भावंडांच्या एक पाऊल पुढे. फ्लुऑक्सेटिन २० मिलिग्रॅम, सकाळी. ते शरीरातून जायला कित्येक आठवडे घेतं, म्हणून एखादा दिवस गोळी विसरली तरी काही बिघडत नाही. विसराळू माणसाला हे वरदान. मात्र दुसरं औषध सुरू करायचं तर तेच लांबण अडचणीचं ठरतं. पॅरॉक्सेटिन परिणामकारक आहे, पण वजन वाढवतं, लैंगिक त्रास जास्त देतं आणि सोडताना सगळ्यात हट्टी. तरुण रुग्णाला पहिल्या फेरीत ते देण्याचं कारण फार थोड्या वेळा सापडतं.

व्हेनलाफॅक्सिन ३७.५ वरून ७५, १५० असं चढवतात. डोस वाढेल तसा बीपीही वाढू शकतो, म्हणून दर वेळी पट्टा बांधून मोजायचा. मधुमेहात तळपायांची आग होते आणि मनही खचलेलं आहे, अशा माणसाला ड्युलॉक्सेटिन एका दगडात दोन पक्षी मारतं: आठवडाभर ३०, मग ६० मिलिग्रॅम. त्याची कॅप्सूल फोडून दाणे चावायचे किंवा कुटायचे नाहीत. दाण्यांवरचं आवरण पोटातल्या आम्लापासून औषध वाचवतं. लिव्हरचा आजार असेल किंवा रोजची दारू असेल तर ड्युलॉक्सेटिन नको.

झोप उडालीय, भूक मेलीय, सहा किलो वजन उतरलंय, असा माणूस समोर असेल तर रात्री मर्टाझापिन ७.५ किंवा १५ मिलिग्रॅम. पहिल्याच रात्री झोप लागते, घरच्यांचा डॉक्टरवर विश्वास बसतो. दोन महिन्यांनी तीच गोळी पँटचं बटण लागू देत नाही. त्याच्या उलट प्रकृतीचा माणूस असतो: दिवसभर लोळणारा, जाड, सिगारेट ओढणारा. त्याला ब्युप्रोपिऑन सकाळी १५० मिलिग्रॅम. ते वजन वाढवत नाही, लैंगिक त्रास जवळजवळ देत नाही, सिगारेटची तल्लफही कमी करतं. पण फिट्स येणाऱ्याला, किंवा रोज पिणारा माणूस दारू अचानक सोडत असेल तेव्हा, ते देत नाहीत; फिट येऊ शकते. घाबरट, सतत धडधड होणाऱ्या रुग्णाची बेचैनीही त्यानं कधी कधी वाढते.

नव्यांपैकी व्हॉर्टिऑक्सेटिन महाग, मळमळ आणणारं, पण लैंगिक बाबतीत सौम्य. व्हिलाझोडोन जेवणासोबतच घ्यावं लागतं. उपाशीपोटी घेतलं तर शरीरात जेमतेम निम्मं पोचतं. ‘गोळी लागूच पडत नाही’ म्हणणाऱ्याला आधी विचारायचं, जेवून घेताय ना? अ‍ॅगोमेलाटिन रात्री घेतात, आणि त्यासाठी लिव्हरची तपासणी सुरुवातीला, मग ३, ६, १२ आणि २४ आठवड्यांनी करावी लागते. गावात लॅब नसेल तर हे औषध न घेतलेलंच बरं.

आणि त्या काकूंचं अमिट्रिप्टिलिन. अर्धशिशी, जुनी पाठदुखी, झोप यासाठी ते १० किंवा २५ मिलिग्रॅमवर सर्रास दिलं जातं. डिप्रेशनला मात्र साधारण ७५ ते १५० लागतं. १० मिलिग्रॅम वर्षभर घेऊन ‘डिप्रेशनच्या गोळ्यांचा काही उपयोग नाही’ असं ठरवलेले लोक कमी नाहीत. ताकद त्यात आहे, पण पूर्ण डोसला तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठ होतं, प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषाची लघवी अडते, काचबिंदू वाढू शकतो. शिवाय जास्त गोळ्या एकदम पोटात गेल्या तर हृदयाला मोठा धोका. या बाबतीत नवी औषधं पुष्कळ सुरक्षित आहेत. म्हणून ज्याच्या बोलण्यात आत्महत्येचे विचार येतात, त्याला हे औषध देणं टाळतात, आणि दुसरं कुठलंही दिलं तरी आठवड्याभराचंच, तेही घरच्यांच्या ताब्यात.

बाकीच्या गोळ्या टेबलावर काढा

निवड बहुतेक वेळा चुकते ती इथे. डॉक्टरांकडे जाताना सगळ्या स्ट्रिप्स पिशवीत घालून न्या, मेडिकलमधून आपणहून घेतलेल्याही.

पासष्टीच्या पुढचा माणूस, बीपीच्या गोळीत हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन आहे आणि त्यावर एस्सिटालोप्राम सुरू झालं, तर रक्तातलं सोडियम घसरू शकतं. हे बहुतेक वेळा पहिल्या काही आठवड्यांत होतं. आधी मळमळ, डोकं जड. मग तोल जातो, बोलणं विसंगत होतं. घरचे म्हणतात वय झालं, किंवा डिप्रेशन वाढलं, आणि डोस वाढवायला सांगतात. अशा रुग्णाची सोडियमची साधी रक्ततपासणी सुरू करण्यापूर्वी आणि दोनेक आठवड्यांनी करावी. १३५ ते १४५ हे नेहमीचं प्रमाण. सोडियम पडण्याची भीती जास्त असेल तिथे मर्टाझापिन तुलनेनं बरं.

अ‍ॅस्पिरिन चालू असेल, किंवा गुडघ्यांसाठी रोज डायक्लोफिनॅक लागत असेल, तर सेरोटोनिनवाल्या गोळ्यांबरोबर पोटात रक्तस्राव होण्याची शक्यता वाढते. वेदनाशामक बदलता येतं का ते बघायचं, नाहीतर पोटासाठी पॅन्टोप्राझोलसारखं संरक्षण द्यायचं. काळी, डांबरासारखी शौच झाली तर वाट बघत न बसता लगेच डॉक्टरांकडे जायचं.

ट्रामाडोल हे दुसरं वेदनाशामक. पॅरासिटामॉलबरोबर एकाच गोळीत ते येतं, म्हणून घेणाऱ्याला कळतही नाही. डिप्रेशनच्या औषधासोबत त्यानं शरीरात सेरोटोनिनचा अतिरेक होऊ शकतो: थरथर, घाम, ताप, पाय झटकणं, अस्वस्थपणा, जुलाब. हे दिसलं तर त्याच दिवशी हॉस्पिटल. औषधाला न जुमानणाऱ्या टीबीसाठी दिलं जाणारं लिनेझोलिडही याच कारणानं धोक्याचं. टीबीच्या आणि मनाच्या डॉक्टरांनी एकमेकांची चिठ्ठी बघितलेली नसेल, तर ती दाखवणं तुमच्या हातात आहे.

स्तनाच्या कॅन्सरनंतर टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या बाईला पॅरॉक्सेटिन, फ्लुऑक्सेटिन आणि ब्युप्रोपिऑन टाळतात. लिव्हरमधलं जे एन्झाइम टॅमॉक्सिफेनला कामाच्या रूपात बदलतं, ते ही औषधं बंद पाडतात. तिथे व्हेनलाफॅक्सिन चालतं. अंगावर पाजणाऱ्या आईला सर्ट्रालिन सोयीचं, दुधात फार कमी उतरतं. गरोदरपण कळल्याबरोबर घाबरून गोळी एकदम बंद करणं सगळ्यात वाईट. डॉक्टरांशी बोलून ठरवायचं. पॅरॉक्सेटिन मात्र पहिल्या तीन महिन्यांत टाळतात.

आणि एक प्रश्न, जो डॉक्टरांनी विचारला नाही तर तुम्ही सांगा: पूर्वी कधी असे दिवस आले होते का, की तीन तास झोपूनही थकवा नाही, बोलणं थांबत नाही, भरमसाट खर्च, भलत्याच योजना? असतील तर हे बायपोलर, म्हणजे मन कधी खचण्याचा तर कधी अति चढण्याचा आजार, असू शकतं. तिथे नुसती डिप्रेशनची गोळी दिली तर माणूस उन्मादात जाऊ शकतो.

ती ‘दोन औषधांची एक गोळी’

आपल्याकडे एस्सिटालोप्राम १० मिलिग्रॅम आणि क्लोनाझेपाम ०.५ मिलिग्रॅम एकाच गोळीत सहज मिळतं. सोय वाटते. पहिल्या रात्रीपासून झोप लागते, छातीतली धडधड थांबते, कारण क्लोनाझेपाम लगेच काम करतं. आता सहा आठवडे पुढे जाऊन त्याच गोळीकडे बघा. एस्सिटालोप्राम अजून कित्येक महिने हवंय. क्लोनाझेपाम दोन ते चार आठवड्यांत काढायचं होतं. पण गोळी एकच आहे, अर्धी कापली तर दोन्ही अर्धी होतात. एस्सिटालोप्राम २० वर न्यायचं ठरलं आणि त्याच दोन गोळ्या सांगितल्या, तर क्लोनाझेपाम न मागता १ मिलिग्रॅमवर गेलं. आठ महिन्यांनी रुग्ण सांगतो, ‘एक दिवस चुकली की रात्रभर डोळ्याला डोळा नाही, या गोळ्यांची सवय लागते हो.’ सवय लागलीय ती क्लोनाझेपामची. बदनामी दोघांची होते. म्हाताऱ्या माणसाचं रात्री बाथरूमला जाताना पडणं, सकाळची गुंगी, विसरणं, यातलंही पुष्कळ त्या अर्ध्या मिलिग्रॅमच्या खात्यावर जमा होतं.

उपाय साधा आहे. पहिल्या भेटीतच ‘दोन्ही वेगवेगळ्या लिहून द्या’ म्हणायचं, आणि क्लोनाझेपामच्या पुढे ती कधी बंद होणार याची तारीख मागायची. आधीच वर्षभर चालू असेल तर आपल्या मनानं तोडायची नाही. क्लोनाझेपाम एकदम थांबवल्यानं फिटही येऊ शकते. वेगवेगळ्या गोळ्यांवर जाऊन ते हळूहळू उतरवतात.

पहिले सहा आठवडे

पहिल्या आठवड्यात त्रास जास्त आणि फायदा शून्य, हा या औषधांचा वाईट स्वभाव. बरेच जण इथेच सोडतात. झोप आणि भूक आधी सुधारते, मन शेवटी. अनेकदा घरच्यांना फरक आधी दिसतो: पुन्हा अंघोळ वेळेवर, चहा मागून घेतला. रुग्ण मात्र म्हणतो, काहीच फरक नाही.

म्हणून मोजायचं. पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची चाचणी आहे. गेल्या दोन आठवड्यांत काय, किती दिवस जाणवलं याला ० ते ३ गुण, एकूण २७. १० किंवा जास्त आले तर दखल घेण्यासारखं, २० किंवा जास्त म्हणजे तीव्र. औषध सुरू करताना एकदा आणि मग दर दोन-तीन आठवड्यांनी भरा. ५ गुणांची घट म्हणजे खरा फरक, निम्मी घट म्हणजे गोळी लागू पडली, ५ च्या खाली गेलं की बरं झाल्यात जमा. आठवणीवर विसंबलं तर कालचा वाईट दिवस सगळा महिना रंगवतो.

चार आठवडे नीट डोस घेऊनही काहीच हललं नसेल तर वाट बघत बसण्यात अर्थ नाही. पण गोळी बदलण्याआधी काही गोष्टी तपासायच्या: खरंच रोज घेतली का, दारू चालू आहे का, थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ पाहिलं का, स्टिरॉइडसारखं मन खाली नेणारं दुसरं औषध आहे का. मग डोस. इथे एक उपयोगी गोष्ट आहे. २०१९ मध्ये तोशी फुरुकावा आणि सहकाऱ्यांनी डोसांचा हिशोब मांडला, त्यात सेरोटोनिनवाल्या औषधांचा फायदा फ्लुऑक्सेटिनच्या २० ते ४० मिलिग्रॅमच्या तोडीपर्यंतच चढताना दिसला. पुढे फायदा थबकतो, त्रास मात्र वाढत जातो. म्हणून मधल्या डोसवर गुण नसेल तर कमाल डोस गाठण्यापेक्षा औषध बदलणं किंवा जोडीला दुसरं देणं अनेकदा शहाणपणाचं. थोडा गुण आला असेल तर जोड, अजिबात नसेल तर बदल, असा साधारण रिवाज आहे.

पंचविशीच्या आतल्या रुग्णाकडे पहिले काही आठवडे घरच्यांनी जास्त लक्ष द्यायचं. अमेरिकेच्या औषध नियामकानं २००४ मध्ये मुला-किशोरांसाठी आणि २००७ मध्ये २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठी तसा ठळक इशारा औषधाच्या माहितीपत्रकावर छापायला लावला. एकदम वाढलेली बेचैनी, येरझाऱ्या, झोप पूर्ण उडणं, मरणाचं बोलणं, असं काही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही. रात्री-अपरात्री बोलायला टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, मराठीतही बोलता येतं.

लैंगिक त्रासाबद्दल ओपीडीत कुणी बोलत नाही. ना रुग्ण, ना डॉक्टर. इच्छा कमी होणं, वीर्यपतनाला किंवा तृप्तीला फार वेळ लागणं हे सेरोटोनिनवाल्या गोळ्यांत वारंवार होतं आणि ते आपोआप जाईलच असं नाही. लग्न ठरलेल्या मुलानं किंवा मुलीनं गुपचूप गोळी सोडली, असं होतं तेव्हा बहुधा हेच कारण असतं. सांगितलं तर डोस कमी करता येतो, मर्टाझापिन किंवा ब्युप्रोपिऑनवर जाता येतं.

सोडताना

बरं वाटल्याच्या दिवशी गोळी सोडायची नसते. पहिलाच आजार असेल तर पूर्ण बरं झाल्यानंतर साधारण सहा ते नऊ महिने, तोच डोस. परत परत आजार येत असेल तर दोन वर्षं किंवा जास्त. ब्रिटनमध्ये २०२१ साली आलेल्या एका अभ्यासात फॅमिली डॉक्टरांकडे दीर्घकाळ गोळ्या घेणारे, आणि आता बरं वाटत असलेले ४७८ रुग्ण होते. निम्म्यांची गोळी चालू ठेवली, निम्म्यांची हळूहळू बंद केली. वर्षभरात आजार परतला तो चालू ठेवणाऱ्यांत ३९ टक्क्यांचा, बंद करणाऱ्यांत ५६ टक्क्यांचा. आकडा दोन्ही बाजूंनी वाचा: गोळी खरंच राखण करते, आणि तरीही बंद केलेल्यांतले ४४ टक्के वर्षभर ठीक राहिले.

एकदम तोडली तर काय होतं? दोन-चार दिवसांत चक्कर, चिडचिड, विचित्र स्वप्नं, आणि मान वळवली की डोक्यात करंट बसल्यासारखा झटका. पॅरॉक्सेटिन आणि व्हेनलाफॅक्सिनमध्ये हे सगळ्यात जास्त, कारण ती शरीरातून भराभर निघून जातात. फ्लुऑक्सेटिनमध्ये सगळ्यात कमी. याला आजार परतला समजून पुन्हा आयुष्यभराची गोळी लावून घेऊ नका. ओळखायची खूण अशी: झटके, चक्कर ही डिप्रेशनची लक्षणं नव्हेत, ती काही दिवसांतच येतात आणि गोळी परत घेतली की एक-दोन दिवसांत थांबतात. आजार परततो तो आठवड्या-महिन्यांनी, हळूहळू, ओळखीच्या पावलांनी.

उतरवताना शेवटचे मिलिग्रॅम सगळ्यात अवघड जातात. डोस आणि मेंदूवरचा परिणाम यांचं नातं सरळ रेषेत नाही. नेहमीच्या डोसच्या चौथ्या हिश्श्यावरही निम्म्याहून जास्त परिणाम टिकून असतो. त्यामुळे एस्सिटालोप्राम २० वरून १० वर येणं अनेकांना कळतही नाही, आणि ५ वरून शून्यावर येताना डोकं गरगरतं. मग वरचे टप्पे मोठे, खालचे लहान ठेवायचे: २०, १०, ५, मग ५ ची अर्धी म्हणजे २.५, प्रत्येकावर दोन ते चार आठवडे. मेडिकलमध्ये गोळी कापायचं छोटं यंत्र मिळतं, सुरीपेक्षा तुकडे सारखे होतात. ‘एक दिवसाआड घ्या’ हा सल्ला मात्र पॅरॉक्सेटिन किंवा व्हेनलाफॅक्सिनला लावू नका. रोज थोडी कमी घेणं वेगळं आणि दर दुसऱ्या दिवशी शरीराला उपाशी ठेवणं वेगळं. सावकाश सुटणाऱ्या गोळ्या तर कापायच्याच नाहीत, एकदम सगळं औषध सुटतं. त्यांच्यासाठी कमी ताकदीची कॅप्सूल मागायची. एखाद्या टप्प्यावर त्रास झाला तर मागच्या टप्प्यावर परत जायचं, महिनाभर थांबायचं, आणि पुढचा टप्पा आधीपेक्षा लहान ठेवायचा.